आड आलेला चेंडू

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच कुळातल्या शब्दांबद्दल निघाली. काम अडवणारे, वाट रोखणारे इंग्रजी शब्द. म्हणून या अंकात बाकीची पत्रं मागे ठेवून ही चारच घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा जाणार आहे, कारण त्या शब्दाशी माझी ओळख वर्गात झाली नाही, आजोळच्या अंगणात झाली.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. इंग्रजी वर्तमानपत्राच्या अग्रलेखात एका रेल्वेमार्गाचं काम भूसंपादनामुळे 'स्टायमीड' झालं असं वाचलं. कोशात 'अडथळा आणणे' एवढाच अर्थ मिळाला. तोच अर्थ 'हिंडर'चा आणि तोच 'ऑब्स्ट्रक्ट'चाही दिलाय. मग एवढे वेगवेगळे शब्द कशाला? आणि हा शब्द आला कुठून? ओळखीच्या कुठल्याच शब्दाशी तो जुळत नाही. आमच्या अभ्यासिकेत कुणी 'स्टिमी' म्हणतं, कुणी 'स्टायमाय'. – एक विद्यार्थिनी, बारामती

उत्तर : उच्चार आधी उरकते : स्टायमी. 'टाय'वर जोर द्यायचा, शेवटची 'मी' हलकी. स्पेलिंग एस-टी-वाय-एम-आय-ई.

हा शब्द गोल्फचा आहे. तो समजायला गोल्फ खेळता यायला हवं असं मुळीच नाही. अंगणात एक खळगा आणि दोन चेंडू असले की पुरे. मला तो तसाच समजला.

माझं आजोळ येरवड्याचं. धाकटा मामा दहा-बारा वर्षांचा असल्यापासून तिथल्या गोल्फच्या मैदानावर कॅडी होता. साहेबाच्या काठ्यांची पिशवी खांद्याला लावून मागे चालायचं, झुडपात गेलेला चेंडू हुडकून द्यायचा, ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पोचलं की भोकातला झेंडा धरून उभं राहायचं, हे त्याचं काम. ही १९४४-४५ पासूनची गोष्ट. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मैदानावरचं इंग्रजी तोंडात अगदी बसलेलं. पुढे तो खडकीला कारखान्यात लागला, तरी सुट्टीच्या दिवशी आम्हा भाचरांना गोळा करून मैदानावरच्या गोष्टी सांगायचा.

मी तेव्हा आठ वर्षांची असेन. आजीनं सकाळी अंगण सारवलं होतं, कडेकडेला अजून ओल होती. गोट्या खेळायला आम्ही पोरांनी कोपऱ्यात गल केली होती. मामानं ती बोटांनी उकरून जरा रुंद केली आणि तिच्यात खराट्याची एक काडी खोवली. हा झेंडा. मग ट्रंकेतून दोन जुने चेंडू काढले, पिवळट पडलेले, अंगभर देवीच्या व्रणासारखे बारीक खळगे असलेले. एक गलीपासून चार हातांवर ठेवला, तो माझा. दुसरा त्या दोहोंच्या मधोमध, तो समोरच्याचा. "हं, मार आता," म्हणाला. मी इकडून तिकडून वाकून बघितलं. मधला चेंडू चुकवून मारायला वाटच नव्हती. तो बाजूला करायला मी हात पुढे केला, तर मामानं मनगट धरलं. "हात न्हाई लावायचा. साहेबालासुद्धा मुभा न्हवती." आणि मग म्हणाला, "आता पालथी पड आन् चेंडूच्या मागनं बघ."

मी पालथी पडले, हनुवटी सारवणाला टेकवली, एक डोळा मिटला. काडी दिसेना. अगदी नाकासमोर माझा चेंडू, पुढे तो दुसरा, आणि काडी त्याच्याआड गेलेली.

"दिसतंय का भोक?"

"नाही."

"ह्येला म्हणायचं स्टायमी."

परकराला शेण लागलं म्हणून आजी रागावली, तेही लख्ख आठवतं. मामा तिला म्हणाला, "अगं, पोरगी इंग्रजी शिकती." पुढे चौतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं, पण एका शब्दाचा अर्थ इतका नेमका मला कुणी शिकवला नाही.

आता नियम सांगते. गोल्फचा जुना दंडक असा की चेंडू जिथे पडला तिथूनच खेळायचा, तो भोकात जाईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दोघांच्या आमनेसामने सामन्यात हाच दंडक दोघांच्याही चेंडूंना लागू होता. त्यामुळे ग्रीनवर प्रतिस्पर्ध्याचा चेंडू तुमच्या चेंडूच्या आणि भोकाच्या मधे थांबला, तर 'जरा तुमचा चेंडू उचला' असं म्हणायची सोय नव्हती. दोन चेंडूंमध्ये सहा इंचांपेक्षा कमी अंतर असलं तरच जवळचा चेंडू उचलता येई. हे अंतर मोजायला पुष्कळ ठिकाणी गुण लिहायचं कार्डच सहा इंच लांबीचं छापत. मामा ते हातानं दाखवायचा : वीत पसरायची आणि तिच्यातून चार बोटं वजा करायची. मी नंतर पट्टी लावून पाहिलं, बरोबर सहा इंच भरले.

गोल्फच्या भोकाचा व्यास १८९१ पासून सव्वाचार इंच ठरलेला आहे. त्या काळचा ब्रिटिश चेंडू १.६२ इंचांचा. समजा प्रतिस्पर्ध्याचा चेंडू भोकाच्या अगदी काठाशी, मधोमध येऊन बसला. दोन्ही बाजूंना जेमतेम सव्वा-सव्वा इंचाची फट उरते, आणि तुमचा चेंडू त्या फटीपेक्षा जाड. मग उपाय दोनच. चपट्या काठीऐवजी तिरप्या पात्याची काठी घेऊन चेंडू उडवायचा आणि समोरच्याच्या डोक्यावरून थेट भोकात टाकायचा, नाहीतर जमिनीच्या उताराचा फायदा घेऊन वळसा द्यायचा. त्यात चुकून त्याच्या चेंडूला धक्का लागून तोच भोकात गेला, तर तो त्याच्या खात्यावर जमा. म्हणजे आपल्या हातानं त्याला जिंकून द्यायचं. कॅरम खेळणाऱ्यांनी डोळ्यांसमोर आणावं : तुमची पांढरी सोंगटी, पुढे त्याची काळी, त्यापुढे पॉकेट.

या नियमानं मोठमोठ्यांचे सामने फिरवले. १९३० साली स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्रूजला ब्रिटिश हौशी गोल्फपटूंच्या स्पर्धेत अमेरिकेचा बॉबी जोन्स आणि इंग्लंडचा सिरिल टॉली यांचा सामना अठरा भोकं खेळूनही बरोबरीत राहिला. एकोणिसाव्या भोकाशी जोन्सचा चेंडू असा थांबला की टॉलीची वाटच बंद झाली. स्टायमी! जोन्स तिथून वाचला, ती स्पर्धा जिंकला आणि त्या एका वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकून अमर झाला. तो एक चेंडू चार बोटं इकडे-तिकडे थांबला असता तर गोल्फचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

नियमावर भांडणंही तेवढीच झाली. एका बाजूचं म्हणणं, यातच कौशल्य दिसतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, बहुतेक वेळा चेंडू मुद्दाम तिथे ठेवलेला नसतो, नशिबानं थांबतो, आणि नशिबाची शिक्षा खेळाडूनं का भोगायची? अखेर १९५१ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका इथल्या गोल्फच्या दोन्ही नियामक संस्था एकत्र बसल्या, सामाईक नियम ठरवले, आणि १९५२ पासून स्टायमी कायमची काढून टाकली. आता समोरच्याचा चेंडू आड आला तर तो उचलतात, त्या जागी खूण ठेवतात, आणि खेळ पुढे जातो. मामानं अंगणात मला खेळ दाखवला तेव्हा ही गोष्ट ताजी होती. "आता साहेबांनी तो कायदाच मोडला," असं तो सांगायचा, आणि त्याला त्याचं वाईट वाटलेलं स्पष्ट दिसायचं. त्याच्या मते खेळातली सगळ्यात बघण्यासारखी चीज गेली होती.

वस्तू गेली, शब्द राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो मैदानाबाहेर पडून क्रियापद झाला होता. १९५२ पर्यंत तो वर्तमानपत्रांत इतका मुरला होता की त्याला जगायला गोल्फची गरज उरली नव्हती. तुमच्या अग्रलेखाच्या लेखकानं कदाचित आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नसेल.

आता मूळ. गोल्फ स्कॉटलंडचा, आणि शब्दही स्कॉटलंडचा. एकोणिसाव्या शतकात तो गोल्फच्या अर्थानं लेखनात सापडू लागतो. पण त्याआधी स्कॉट बोलीत 'स्टाइम' असा एक शब्द आहे, त्याचा अर्थ अगदी अंधूकसं काही, तिरीप, कण. 'मला स्टाइमही दिसत नाही' म्हणजे मला काही म्हणता काही दिसत नाही. हा वाक्प्रचार फार जुना, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा. आणि 'स्टायमी' म्हणजे ज्याला धड दिसत नाही असा माणूस. कोशकार सावधपणे 'बहुधा' हा शब्द लावून गोल्फच्या स्टायमीचं मूळ इथे दाखवतात. डच भाषेतल्या 'मला अडवतं' अशा अर्थाच्या शब्दांशी नातं जोडणारा दुसरा एक तर्क आहे. मला तो पटत नाही. उच्चार जुळला म्हणजे नातं जुळलं असं नसतं, आणि स्टायमीची सगळी जुनी वहिवाट स्कॉटलंडमधली आहे.

कॉलेजच्या ग्रंथालयात मोठा कोश उघडून मी हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा उभ्या जागी अंगावर काटा आला. कारण मला मामानं हेच सांगितलं होतं. तो 'वाट अडलीय का' असं विचारत नव्हता. 'दिसतंय का भोक' असं विचारत होता.

आणि त्याहून मौजेची गोष्ट आपल्या भाषेत आहे. मामा म्हणायचा, "चेंडू आड आला." हा 'आड' बघा. एकीकडे तो अडवतो : आडकाठी, आडवं येणं. दुसरीकडे तोच लपवतो : सूर्य ढगाआड जातो, पोर दाराआड उभं राहतं, माणूस डोळ्याआड होतो, दृष्टीआड सृष्टी, पदराआड, पडद्याआड, आडोसा. वाटेत येणं आणि नजरेसमोरून झाकणं, ही दोन्ही कामं मराठीनं एकाच दोन अक्षरी शब्दाकडे सोपवली आहेत. स्टायमीनं जो प्रवास केला, 'दिसत नाही'पासून 'जाता येत नाही'पर्यंत, तो आपल्या 'आड'च्या पोटात आधीपासून आहे.

म्हणून आता तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देता येतं. 'हिंडर'मध्ये काम रेंगाळतं, पण चालू राहतं. 'ऑब्स्ट्रक्ट'मध्ये वाटेत काहीतरी आणून टाकलेलं असतं, पुष्कळदा मुद्दाम. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा असतो तो हा. 'स्टायमी'मध्ये माणूस खेळायला तयार असतो, अंतरही थोडंच उरलेलं असतं, आणि नेमकं अशा वेळी काहीतरी असं आड येतं की ते हलवायचा अधिकार आपल्याला नसतो. पुढे कसं जावं तेच कळेनासं होतं. आड येणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असं नाही. म्हणून हा शब्द बहुतेक कर्मणी रूपात भेटतो : अमुक अमुक स्टायमीड झालं.

भाषांतर करताना प्रत्येक वेळी 'अडथळा आणला' लिहू नका. 'भूसंपादन आड आलं आणि रेल्वेचं काम ठप्प झालं' हे तुमच्या वाक्याला बसतं. पुराव्याअभावी पोलीस स्टायमीड झाले असतील तर 'तपास अडला, पुढची वाट दिसेना' म्हणा. विरोधकांनी सरकारला स्टायमी केलं तर 'कोंडी केली'. परीक्षेत जागा कमी असेल तर 'खीळ बसली' चालेल. 'खोडा घातला' मात्र इथे नको. ते का, ते पुढच्या पत्रात येतंच आहे.

एक जोड देऊन हे उत्तर संपवते. असाच अर्थ असलेला आणि खेळातूनच आलेला दुसरा इंग्रजी शब्द आहे 'स्नूकर्ड', आणि त्या खेळाचा जन्म आपल्या देशातला, जबलपूरच्या लष्करी छावणीतला. १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं (पुढे पंतप्रधान झालेला तो वेगळा) बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून नवा खेळ मांडला. नवशिक्या छात्राला तेव्हाच्या लष्करी बोलीत 'स्नूकर' म्हणत, ते नाव खेळाला चिकटलं. त्यातही हीच गत : मारायच्या चेंडूपुढे दुसरा चेंडू आला की तुम्ही स्नूकर्ड. फरक एवढाच की तिथे चेंडू आड आणून ठेवणं हाच डाव असतो. गोल्फही आपल्याकडे लवकर आला. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. न्यूयॉर्कजवळ यॉंकर्सला सेंट अँड्रूज नावाचा क्लब निघाला तो १८८८ साली, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनी.

प्रश्न : मी न्यायालयात अनुवादाचं काम करतो. 'सुनावणी एक्स्पिडाइट करावी' हे रोज समोर येतं, आणि 'न्यायदानात इम्पीड करणारी कृती' हेही. दोन्हींमध्ये 'पीड', 'पिड' दिसतं. संबंध आहे का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : आहे, आणि अगदी सख्खा. लॅटिनमध्ये पाऊल म्हणजे 'पेस', त्याचं रूप 'पेदिस'. 'इम्पेदिरे' म्हणजे पाय गुंतवणं, पायांत बेडी घालणं. 'एक्स्पेदिरे' म्हणजे पाय सोडवणं. एकात पाऊल अडकतं, दुसऱ्यात मोकळं होतं. एक्स्पिडिशन, म्हणजे मोहीम, त्याच मोकळ्या पावलांची. रोमन सैन्य आपल्या सामानसुमानाला, ओझ्याच्या जनावरांना आणि गाड्यांना 'इम्पेदिमेंटा' म्हणे. पायांत येणारं लटांबर! आपल्या फौजांतलं बाजारबुणग्यांचं लटांबर आठवलं की हा शब्द चटकन कळतो.

मराठीत याचा जुळा भाऊ 'खोडा'. खोडा म्हणजे लाकडाचा जाड ओंडका, त्याला भोकं पाडलेली, त्यांत कैद्याचे पाय अडकवायचे. 'कामात खोडा घालणे' म्हणजे कामाचे पाय त्या भोकांत घालणे. वरच्या विद्यार्थिनीला मी 'खोडा' नको म्हटलं ते यासाठी. खोडा कुणीतरी घालतो, तो आपोआप येऊन पडत नाही. 'कोलदांडा' त्याच घरातला : गुडघ्यांच्या लवणीतून दांडा घालून हातपाय बांधून टाकायची शिक्षा. आज कुणी खोडाही पाहिलेला नसतो आणि कोलदांडाही, पण सभागृहाच्या बातमीत दोन्ही रोज भेटतात.

जनावरांचं लोढणं मात्र मी स्वतः पाहिलं आहे. सासरी, पुरंदर तालुक्यात, एका ओढाळ गाईच्या गळ्यात दोरीनं जड ओंडका लटकवलेला होता. ती शांत चरत असली की ओंडका नुसता झुले. दुसऱ्याच्या रानाकडे धावायला लागली की पुढच्या पायांवर आदळे आणि ती थांबे. चालण्यापुरती मुभा, धावण्याला बंदी. 'इम्पीड'चा अर्थ याहून चांगला दाखवता येणार नाही. त्या शब्दात काम बंद पडत नाही, त्याला पाऊल मोकळं टाकता येत नाही.

तुमच्या कामासाठी : 'इम्पीड'ला 'व्यत्यय आणणे' रूढ आहे, ते राहू द्या. 'एक्स्पिडाइट'ला नुसतं 'जलद करणे' मला तोकडं वाटतं, कारण अडकलेलं सोडवणं हा भाग त्यात येत नाही. 'सुनावणी त्वरेने मार्गी लावावी' असं लिहून पाहा. 'मार्गी लावणे' यात पाऊलही आहे आणि वाटही.

प्रश्न : आमचे यंत्रमाग आहेत. 'सॅबोटाज' शब्दाची एक गोष्ट सांगतात की फ्रान्समध्ये कामगारांनी चिडून पायातले लाकडी बूट मागात फेकले आणि माग बंद पाडले, त्यावरून हा शब्द आला. खरं आहे का? माझा विश्वास बसत नाही. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमचा अविश्वास बरोबर आहे. 'साबो' म्हणजे फ्रान्समधल्या गरिबांचा लाकूड कोरून केलेला बूट, एवढं खरं. त्यापासून 'साबोते' हे क्रियापद झालं : साबो घालून खटखट करत चालणं, आणि त्यावरून धसमुसळं, गचाळ काम करणं. शब्द आला तो या गचाळपणातून. बूट फेकल्याची गोष्ट मागाहून रचलेली आहे, तिला त्या काळचा आधार नाही. यंत्रं फोडणारे कामगार इतिहासात आहेत, पण ते इंग्लंडमधले लडाइट, १८११ च्या सुमाराचे, आणि त्यांच्या हातात हातोडे होते.

ही कल्पना लढ्याचं हत्यार म्हणून पुढे आली ती १८९७ साली, तुलूझला भरलेल्या फ्रेंच कामगार संघटनेच्या अधिवेशनात. एमिल पूजे या कामगार नेत्यानं तिचा पुरस्कार केला. त्याच्यापुढे उदाहरण होतं ग्लासगोच्या गोदी कामगारांचं. १८८९ मध्ये त्यांचा संप फसला. संपाच्या काळात मालकांनी अडाणी बदली माणसांकडून काम करून घेतलं होतं आणि त्यांच्यावर खूश असल्याचं म्हटलं होतं. मग कामावर परतलेल्या मुरलेल्या कामगारांनी ठरवलं, आपणही त्यांच्याइतकंच सावकाश आणि त्यांच्याइतकंच वाईट काम करू. यंत्राला हातही न लावता मालक जेरीला आला. तुम्ही मागवाले आहात, तुम्हाला सांगायला नको : धोटा नुसता नीट भरला नाही किंवा तुटलेला धागा वेळेवर जोडला नाही, तरी कापड वाया जातं. बूट फेकायची गरज काय?

१९१० च्या फ्रेंच रेल्वे संपानंतर हा शब्द इंग्रजीत पसरला आणि महायुद्धांत तो पूल उडवण्यापर्यंत पोचला. आज आपण 'घातपात' म्हणतो ते त्या शेवटच्या अर्थाला ठीक आहे. मूळ अर्थ हवा असेल तर 'मुद्दाम काम बिघडवणे' असंच लिहावं लागतं.

प्रश्न : मी व्यापारी जहाजावर नोकरी करतो. आमच्या लाइफबोटीत बसायच्या आडव्या फळीला 'थ्वॉर्ट' म्हणतात. बेत हाणून पाडणं यालाही 'थ्वॉर्ट'च म्हणतात. हा योगायोग आहे का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फळीच्या नावात वल्हेकऱ्याच्या बाकासाठी असलेला एक जुना इंग्रजी शब्द मिसळलेला आहे, पण तिचं आजचं रूप तुमच्या क्रियापदामुळेच आलं. उत्तरेकडच्या समुद्री लोकांच्या, नॉर्स, भाषेतल्या 'आडवं' अशा अर्थाच्या शब्दापासून 'थ्वॉर्ट' आला. फळी होडीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी जाते, म्हणून ती थ्वॉर्ट. आणि कुणाच्या बेताला आडवं जाणं, तेही थ्वॉर्ट. मात्र लक्षात ठेवा, यात बेत नुसता अडत नाही, फसतो. म्हणून 'आडवं येणे' इथे पुरत नाही. 'हाणून पाडणे', 'उधळून लावणे' हेच योग्य.

तुमच्या पत्रामुळे माझा एक प्रश्न तयार झाला. आपल्या किनाऱ्यावरच्या होड्यांत या आडव्या फळीला काय म्हणतात? मिऱ्याला, हर्णैला, मालवणला नावं वेगळी असणार. सुट्टीवर घरी याल तेव्हा तिथल्या जुन्या माणसांना विचारून कळवा. किनाऱ्यावरच्या इतर वाचकांनीही कळवावं, गावाच्या नावासकट. उत्तरं पुढच्या अंकात छापू.